दोन वर्षांनी लहान

"मी व्हतोच तिथं."

गोल कसा मारलास असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. मान थोडी खाली, डाव्या पंजाने कपाळावरचा घाम निपटायचा, एवढं बोलायचं आणि बाजूला व्हायचं. त्यात नम्रपणा नव्हता. आपण काही विशेष केलंय असं त्याला खरंच वाटत नसे. चेंडू यायचा होता, तो आधी जाऊन उभा होता, बाकीचे उशिरा पोचले. झालं.

तुम्ही फुटबॉल बघणारे असाल तर फॉरवर्डचं काम मी तुम्हाला सांगायला नको. मी बघणारा नव्हतो. खेळाशी माझा संबंध एवढाच की शाळेच्या ऑफिसची खिडकी मैदानाकडे उघडायची. मी तिथे लेखनिक होतो. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे मला भाऊ म्हणत, म्हणून मुलंही भाऊच म्हणत. शाळा संगमेश्वर तालुक्यातली, पहिली ते दहावी एकाच छपराखाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावात शाळा एकच आहे. त्याचंही नाव सांगणार नाही. ते आधीच पुरेसं छापून आलेलं आहे. आई त्याला बाबू म्हणायची, पण आमच्या भागात निम्म्या मुलांना बाबूच म्हणतात.

त्याचं घर वहाळापलीकडे. पावसाळ्यात वहाळाला पूर येऊन लाकडी साकव वाहून गेला की चार महिने त्या वाडीतली पोरं घरीच. बाप मुंबईला एका छापखान्यात, धाकटी बहीण कडेवरची, त्यामुळे आईने त्याला एकट्याला वहाळ ओलांडून कधी पाठवलं नाही. आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याला पहिलीत घेऊन आली. जन्मतारीख विचारली तर तिने कनवटीचा कागद काढून दिला. मुलगा आजोळी, घरातच जन्मलेला, ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. पण बापाने घरच्या दाराच्या मागच्या बाजूला दोन्ही मुलांचे जन्म तैलरंगाने लिहून ठेवले होते, तिथून तिने कुणाकडून तरी उतरवून आणलं होतं. मी तीच तारीख रजिस्टरमध्ये लिहिली. पहिल्यांदा मी खरी तारीख लिहिली होती, हे कुठेतरी सांगून ठेवावंसं वाटतं.

आमच्याकडे फुटबॉल आला तो कोल्हापुरातून. नवे क्रीडाशिक्षक तिकडचे. त्यांनी आल्या आल्या सडा बघितला. वर सपाट पसरलेला जांभ्याचा कातळ, पावसात हिरवा, एरवी काळपट आणि खरखरीत. पडलं की गुडघ्याची साल तिथेच राहायची. असल्या जागेवर क्रिकेट खेळणारी पोरं त्यांनी गोळा केली आणि त्यांच्यात एक टक्कल पडलेला फुटबॉल टाकला. महिनाभराने ते ऑफिसात आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, ते पोरगं बघा. बाकीची पोरं बॉलच्या मागं पळत्यात. ह्यो बॉलच्या पुढं पळतोय."

तेव्हापासून मी बघायला लागलो.

सड्याला एका बाजूला उतार आहे. तिकडे गेलेला चेंडू थेट खालच्या करवंदीच्या जाळीत. तो कधी तिथवर जाऊ द्यायचा नाही. कातळावरचा प्रत्येक उंचवटा त्याच्या पायांना माहीत होता, चेंडू कुठे उडी मारेल आणि कुठे मरेल ते त्याला आधी कळायचं. क्रीडाशिक्षकांनी कोल्हापूरहून जुने बूट आणून दिले, दोन नंबर मोठे. आईने पुढे चिंध्या कोंबून दिल्या. अर्धा तास तो त्या बुटांत बदकासारखा फिरला, मग बूट काढून काळजीपूर्वक जोडीने कडेला ठेवले आणि अनवाणी जाऊन दोन गोल मारले.

खिचडीच्या रांगेतही हाच प्रकार. स्वयंपाकाच्या बाईंनी त्याला एकदा दुसऱ्यांदा ताट पुढे करताना पकडला. आत्ता तर घेऊन गेलास, त्या म्हणाल्या. त्याने मान खाली घातली, कपाळ निपटलं. "बाई, तुमी वाढत व्हता आणि मी व्हतोच इथं." बाईंना हसू आवरेना. त्यांनी वाढलं. त्या दिवसापासून त्याला रोज दोनदा मिळायचं, आणि आम्ही सगळे बघत नव्हतो.

तो सहावीत होता, पण वयाने आठवीच्या मुलांच्या बरोबरीचा. त्या श्रावणात माकडांनी ऑफिसवरची कौलं फोडली आणि गळती नेमकी कपाटावर लागली. जनरल रजिस्टर भिजलं. पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली. नवं रजिस्टर लिहून काढायची परवानगी आली आणि मी रोज थोडी थोडी नावं उतरवायला बसलो.

एके दुपारी क्रीडाशिक्षक चहाचे दोन कप घेऊन आले. माझ्याकडे कधी कुणी चहा घेऊन येत नसे. चौदा वर्षांखालच्या संघात या मुलाला बसवला तर जिल्हा सोडा, राज्यापर्यंत जाईल, असं त्यांचं म्हणणं. अडचण वयाची. यंदाच तो बाहेर जातो. पुढच्या गटात थोराड मुलांत उभा राहिला तर त्याला कोण बघणार? सगळ्या शाळा हेच करतात, ते म्हणाले, आपणच तेवढे हरिश्चंद्र. मुख्याध्यापक तेव्हा आतच बसले होते. ते बाहेर आले, मला यातलं काही माहीत नाही असं म्हणाले, आणि सगळं माहीत असल्यासारखं माझ्याकडे बघून घरी गेले.

माझं अक्षर चांगलं आहे. तालुक्यात माझ्या अक्षराचे दाखले ओळखू येतात. त्या दिवशीही ते चांगलंच आलं. अंकात आणि अक्षरात, दोन्हीकडे साल दोनने पुढे. त्या एका कप चहाखेरीज मला त्यातून काही मिळालं नाही. लोकांना वाटतं असल्या गोष्टी पैशासाठी होतात. मला तो मुलगा पुढे जायला हवा होता आणि त्याला पुढे पाठवणाऱ्यांत मी असायला हवा होतो. खिडकीतून बघणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

स्पर्धेच्या ओळखपत्रावर सही करायला तो ऑफिसात आला. कार्ड उलटंपालटं करून वाचलं. त्याला वाचायला वेळ लागायचा, पण तो वाचायचा.

"भाऊ, ह्ये चुकलंय."

"काय?"

"साल."

मी चष्मा पुसला. "चुकलेलं नाही. आता हेच."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "मग बहीण माज्यापेक्षा पाचच महिन्यांनी लहान झाली."

मी हसलो, तोही हसला. ती गंमत त्याला खरोखरच आवडली होती. मग तो गंभीर झाला. गणपतीला बाप घरी येणार होता. "बाबांना सांगू काय?"

नको सांगूस, मी म्हणालो. तुला खेळायचंय ना? त्याने मान हलवली आणि सही केली. नावातला रफार विसरला होता, तो मी त्याला पुन्हा द्यायला लावला.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलेलं असू शकेल. जिल्हा, विभाग, राज्य. राज्याच्या सामन्यात त्याला मुंबईतल्या एका अकादमीच्या माणसाने हेरलं, होस्टेलवर नेलं. दहावीचा फॉर्म तिथून भरला, बोनाफाईड माझ्याकडून गेला. एका कागदावरून दुसरा निघतो. आधार, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, सगळे त्या एका ओळीतून जन्मले. खऱ्या तारखेला फक्त त्याची आई त्याच्यासाठी तांदळाची खीर करायची, आणि तो घरी नसला तर ती बहिणीला वाढायची.

कागदावर अठराचा झाला त्या वर्षी त्याला एका व्यावसायिक क्लबने करारावर घेतलं. आधी खालच्या लीगमध्ये, मग वरच्या लीगमध्ये बाकावर. ज्या दिवशी तो पहिल्यांदा टीव्हीवर दिसणार होता त्या दिवशी शाळेच्या सभागृहात पडदा लावला. सामना कळत असलेले आम्ही चार, बाकी गाव त्याला बघायला आलेलं. ऐंशी मिनिटं तो बसूनच होता. त्याची आई पुढच्या सतरंजीवर. तिला कुणीतरी सांगितलं की बसणं हासुद्धा खेळाचा भाग आहे, तेव्हा ती म्हणाली, मग एवढा लांब कशाला गेला, हितं पडवी हाय की.

शेवटची दहा मिनिटं राहिली आणि त्याला आत पाठवलं. मी त्याला शोधत होतो तर तो पडद्याच्या एका कोपऱ्यात नुसता चालत होता. चेंडू दुसरीकडे, माणसं दुसरीकडे. मग कुणीतरी लांबून मारलं, गोलकीपरने हाताने ढकललं, आणि तो ढकललेला चेंडू जिथे पडला तिथे तो होता. आमच्या गावचं आडनाव समालोचकाने तीन वेळा तीन तऱ्हांनी उच्चारलं. सामन्यानंतर माईक पुढे आला तेव्हा तो कपाळ निपटून म्हणाला, "मैं था उधर." सभागृहाला कळायला क्षण लागला, मग कौलं उडतील इतका आवाज झाला. स्वयंपाकाच्या बाई रडत होत्या. मीही.

महामार्गावर फलक लागला. वर हात जोडलेले पुढारी, डावीकडे संस्थेचे अध्यक्ष, उजवीकडे क्रीडाशिक्षक, आणि खाली मधोमध तो, पासपोर्टच्या फोटोएवढा. माझा फोटो नव्हता. मला त्याचं थोडं वाईट वाटलं होतं. आज ते आठवलं की माझीच लाज वाटते.

त्याच सुमारास बाप गेला. छापखान्यात, मशीनजवळच छातीत कळ येऊन. मुलगा बाराव्या-तेराव्यापर्यंत घरी राहिला. मी भेटायला गेलो होतो. बाबांना शेवटपर्यंत काय वाटायचं सांगू का भाऊ, तो म्हणाला, त्यांना वाटायचं क्लबातले लोक हिशेबात कच्चे आहेत, म्हणून माझं वय दोन वर्षांनी कमी छापतात. छापखान्यातला माणूस, छापील चूक असणार अशीच त्याची समजूत. मुलाने ती शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही, कारण मी सांगितलं होतं, सांगू नकोस.

मग त्याला वयोगटाच्या राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं. ते येऊ नये असं खरं तर वाटायला हवं होतं, पण आम्ही पेढे वाटले. शिबिरात सगळ्यांच्या मनगटाचे एक्स-रे फोटो काढतात. हाडं जुळलेली असली की वय कळतं. त्याची जुळलेली होती. कारण न सांगता त्याला परत पाठवलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याच्या क्लबात त्याच जागेसाठी धडपडणारा आणखी एक होता, आणि त्याच्या माणसांनी आमच्या ग्रामपंचायतीतून बहिणीचा जन्मदाखला काढला. बहिणीची नोंद होती, ती दवाखान्यात झालेली. भाऊ आणि बहीण, दोघांत पाच महिने. तक्रारीत फक्त दोन तारखा लिहिल्या होत्या आणि खाली विचारलं होतं, हे कसं शक्य आहे?

फुटबॉल संघटनेच्या चौकशी समितीचं पत्र शाळेला आलं. संस्थेची बैठक बसली. जुने मुख्याध्यापक निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेले होते. क्रीडाशिक्षक आता समन्वयक झाले होते आणि कसल्या तरी पुरस्कारासाठी त्यांचं नाव पुढे होतं. कोल्हापूरची बोलीही त्यांनी सोडली होती. ठरायला फार वेळ लागला नाही. पालकाने तोंडी दिलेल्या माहितीनुसार नोंद केली, असं उत्तर द्यायचं. मसुदा मीच केला. 'सदर' आणि 'उपरोक्त' घालून दोन परिच्छेद. सगळ्यांना आवडला.

बैठक उठताना अध्यक्ष म्हणाले, पोरगं समितीपुढे काही वेगळं बोललं तर घोटाळा होईल. तुमचं ऐकतो तो. जाऊन या.

मी गेलो. मे महिना होता. अंगणात तट्ट्यावर आमसुलं वाळत घातलेली. तो पडवीत भिंतीला टेकून बसला होता, क्लबने घरी थांबायला सांगितलं होतं. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली. मी बसलो आणि पत्राचं सांगितलं. शाळा काय कळवणार तेही सांगितलं. तो ऐकत होता.

"म्हंजे शाळेनं केलं नाय?"

"शाळेनं केलं असं म्हणालास तर माझ्यावर येईल. सरांनी काही लिहिलेलं नाही, मोठ्या सरांनी नाही. अक्षर माझं आहे."

"तुमची नोकरी जाईल?"

"नोकरी जाईल, पेन्शन जाईल. दोन वर्षं राहिलीत माझी."

त्याने 'दोन' हा शब्द हळूच पुन्हा म्हटला. मग विचारलं, "आणि मी काय सांगू?"

"बाबांनी सांगितलेली तारीख, असं सांग."

तो अंगणातल्या आमसुलांकडे बघत राहिला. मला वाटलं त्याला कळलं नाही. म्हणून मी पुढचं वाक्य बोललो. आयुष्यात मी बरीच खोटी वाक्यं लिहिली असतील, पण हे खरं होतं आणि तरीही मी बोललेलं सगळ्यांत वाईट वाक्य हेच.

"ते आता नाहीत. त्यांना काही त्रास व्हायचा नाही."

आत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. त्याची आई कोकमाचं सरबत घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलेलं होतं. तिने पेला माझ्या हातात न देता खाली जमिनीवर ठेवला आणि आत गेली. मी वाकून तो उचलला.

"बाबांना म्हाईत व्हती माजी तारीख," तो म्हणाला. "दारामागं लिवलेली हाय अजून. बघायची काय?"

मी नको म्हणालो. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला उठून येणं सोपं गेलं असतं. वहाळापर्यंत मला सोडायला आला आणि साकवावर म्हणाला, "तुमी काळजी करू नका, भाऊ."

समितीपुढे त्याने तसंच सांगितलं. वडिलांनी सांगितलेली तारीख, ते आता हयात नाहीत. दोन वर्षांची बंदी आली, क्लबने करार रद्द केला. पेपरात मोठ्या अक्षरात 'वयचोर'. त्याखाली आमच्या समन्वयकांची प्रतिक्रिया होती, पालकांनी शाळेची दिशाभूल केल्याचं दुःख होतं. वहाळापलीकडच्या त्या बाईला लोक विचारू लागले, तुझ्या नवऱ्याने असं का गो केलं? ती पुढे चालू लागायची. एकदा बाजारात ती समोरून येताना दिसली आणि मी विनाकारण एका चपलेच्या दुकानात शिरलो. एक जोड घेऊनच बाहेर पडलो.

बंदी म्हणजे नुसतं लीगमध्ये न खेळणं असं मला वाटत होतं. तसं नसतं. नोंदणी झालेल्या कुठल्याही मैदानावर पाय ठेवायचा नाही. तो सड्यावर एकटा पळायचा. पहाटे नव्हे, भर शाळेच्या वेळात, खिडकीसमोर. त्याला तसं काही सुचवायचं असेल असं मला वाटत नाही, त्याला दुसरी सपाट जागाच नव्हती. पण मी टेबल फिरवून घेतलं. खिडकीकडे पाठ केली. उजेड डाव्या बाजूने येतो, लिहायला बरं पडतं, असं सगळ्यांना सांगितलं.

बंदी संपायला चार महिने राहिले तेव्हा तो शाळेत आला. मला निवृत्तीला तेवढेच राहिले होते. त्याच्या हातात अर्ज होता. एका क्लबने चाचणीला बोलावलं होतं, पण आधी कागद नीट करून आणा म्हणाले होते. जुनी तारीख समितीने खोटी ठरवलेली, आणि खरी तारीख कुठल्याच कागदावर नाही. मूळ नोंदीचा उतारा शाळेने दिला की पुढचं सगळं बदलता येणार होतं. नवे मुख्याध्यापक म्हणाले, आमच्याकडे हेच रजिस्टर आहे, यात जे आहे तेच देता येईल. त्याने माझ्याकडे बघितलं.

भिजलेलं रजिस्टर मी टाकलेलं नव्हतं. कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात, फडक्यात बांधून ठेवलं होतं. पानं चिकटली होती, पण त्याचं पान सोडवून वाचता येत होतं, मी कधीकाळी करून पाहिलं होतं. एक झेरॉक्स पुरली असती. पण ती बाहेर आली की नवं रजिस्टर कुणी आणि कसं लिहिलं हेही बाहेर आलं असतं. चार महिने.

"बघतो," मी म्हणालो.

तो बाकावर तासभर बसला. शाळा सुटली तशी उठला, अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. "बघा, भाऊ," म्हणाला. त्या आवाजात मागणं नव्हतं, तक्रारही नव्हती. नंतर तो दोनदा आला. दोन्ही वेळा मी रजेवर होतो. रजा मी त्यासाठीच काढल्या होत्या.

चाचणीची तारीख निघून गेली. आणखी एका प्रशिक्षकाने त्याला फोनवर सांगितलं म्हणे, कागद जरी आणलेस तरी तुझं नाव बघून कुणी घेणार नाही, आणि खरं वय धरलं तर आता नवा म्हणूनही कुणी घेणार नाही. हे मला त्याच्या बहिणीने सांगितलं, सहज, बसथांब्यावर, मी विचारल्यावर. आपण विचारायला नको होतं असं मला लगेच वाटलं.

माझ्या निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि माझ्या अक्षराचं कौतुक झालं. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी खालचा खण उघडला. फडकं सोडलं, पान काढलं, आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन वहाळ ओलांडून गेलो. आता माझं कुणी काय वाकडं करणार होतं? पेन्शनची कागदपत्रं मंजूर झालेली होती.

घरी आई एकटी होती. ती म्हणाली, तो गेल्या आठवड्यात आखाताला गेला. गोदामात सामान हलवायचं काम. पासपोर्ट होताच तयार, तो क्लबात असताना काढलेला. तिकडे कुणी मनगटाचे फोटो काढत नाहीत. मी पान पुढे केलं. तिने ते हातात घेतलं, वाचता येत नसलं तरी बराच वेळ बघितलं, आणि परत दिलं. "ह्येच्यात काय हाय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्ये तर आमाला म्हाईतच हाय."

तिकडे तो अजूनही दोन वर्षांनी लहान आहे. काम करायला दोन वर्षं जास्त मिळतील, असं मी एकदा मनाशी म्हणून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

गेल्या वर्षी बहिणीचं लग्न झालं. पत्रिका आली होती, माझ्या नावापुढे आदराने सगळं लिहिलेलं. जावं की नाही याचा दोन दिवस विचार करून मी गेलो. मांडव अंगणातच होता. तो आला नव्हता, सुट्टी मिळाली नव्हती. अक्षता पडल्या तेव्हा नवरीचा भाऊ म्हणून चुलतभाऊ मागे उभा राहिला. जेवणं सुरू झाली आणि कुणीतरी मोबाइलवर त्याला जोडून दिला. फोन पंगतीतून हातोहात फिरू लागला. काका, मामा, स्वयंपाकाच्या बाई. प्रत्येकजण मोठ्याने बोलायचा आणि फोन पुढे द्यायचा. मला उठून जाता आलं असतं. माझ्यापुढे पान वाढलेलं होतं.

फोन माझ्या हातात आला. त्याच्या डोक्यावर पिवळं शिरस्त्राण होतं, मागे खोक्यांची उंच रांग. चेहरा भरला होता, दाढी राखली होती. त्याने मला ओळखायला थोडा वेळ घेतला, की फोन अडकला होता, सांगता येत नाही.

"भाऊ," तो म्हणाला. "पेन्शन चालू झाली ना?"

"झाली," मी म्हणालो.

"येळेवर येते?"

"येते."

"बरं झालं." त्याने मान हलवली. मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, मी तोंड उघडलंही होतं, पण शेजारच्याने फोन घेऊन पुढे दिला आणि तिकडून तो कुणा मावशीशी बोलू लागला.

वाढपी आला. त्याने भात वाढला, वरण वाढलं, भाताला आळं करा म्हणाला. मी केलं. जेवण चांगलं झालं होतं. मी दोनदा भात घेतला.